सालेमची आई

६ ऑक्टोबर, शुक्रवार

नाही म्हणाले. सरळ, सगळ्यांसमोर — नाही!

खमीसकाकांनी चहाचा पेला खाली ठेवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "जिलानी, त्या पोराच्या ओळखपत्रावर आपलं आडनाव का छापलंय, ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक आहे. या बेटावर कोणाला ठाऊक नाही? अनीस अतीग बिन अर्रूम. म्हणजे बिन अर्रूमांनी मुक्त केलेला अनीस. बिन अर्रूम म्हणजे आम्ही. त्याच्या कुठल्यातरी पूर्वजाला आमच्या कुठल्यातरी पूर्वजाने विकत घेतलं आणि पुढे मोकळं केलं. केव्हाची गोष्ट! पण ती अजून त्या पोराच्या खिशात आहे, फोटोच्या शेजारी छापलेली.

मी म्हटलं, काका, मुलगा दवाखान्यात नर्स आहे. नमाज चुकवत नाही. रिहाबला तो आवडतो, मलाही आवडतो. माझ्या वडिलांना शेवटच्या आजारात न्हाऊ कोणी घातलं? त्यानेच ना?

"न्हाऊ घातलं म्हणून मुलगी द्यायची? मग माझ्या न्हाव्याने काय घोडं मारलंय!"

हशा पिकला. चुलतभाऊ मांडीवर थापा मारून हसले. मग काका एकदम गंभीर झाले. "आपण लल्ला झैनबची पोरं आहोत, विसरू नकोस. तिच्या नावाखाली तू याचं नाव बसवणार?"

आमच्याकडे मेंदीच्या संध्याकाळी घरातला वडीलधारा माणूस नवरीच्या पूर्वजांची नावं घेतो. एकेक पिढी वर चढत जातो आणि शेवटी झैनबपाशी थांबतो. कैरवानची झैनब, जिला मानाने लल्ला म्हणतात, पैगंबरांच्या वंशातली, माझे खापरपणजोबा सालेम यांची आई. तिचं नाव आलं की सगळ्या बायका जीभ वळवून किलकाऱ्या देतात. माझ्या थोरल्या मुलीच्या, नजियाच्या लग्नात माझ्या वडिलांनी नावं घेतली होती. आवाज कसा खणखणीत लागला होता त्यांचा!

आता धाकट्या रिहाबसाठी नावं घ्यायला ते नाहीत. काका आहेत. आणि काका नाही म्हणाले.

रिहाब दाराआड होती. तिला न्हाव्याचा विनोदही ऐकू गेला असणार.

७ ऑक्टोबर

रिहाब बालवाडीत शिकवून आली. जेवली नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार

काकांकडे एकटा गेलो. चारचौघांत माणूस ताठतो, एकटा असला की वाकतो. काका अंगणात तण उपटत होते. मी शेजारी बसून उपटू लागलो.

"काका, देवासमोर त्याच्यात नि माझ्यात काय फरक?"

"देवासमोर काही नाही. पण आपण गावात राहतो."

काकांनी उपटलेलं तण झटकून बाजूला टाकलं. मग म्हणाले, "बरं. त्याचा एक पूर्वज दाखव मला. एकच! जो आपल्या दारात बांधलेला नव्हता, जन्माने मोकळा होता. कागदावर दाखव. मग मीच पुढे होऊन मागणी पक्की करायची फातिहा वाचतो."

हे ते का म्हणाले? मिळणारच नाही अशी खात्री असावी. पण शब्द दिला आहे. दोन साक्षीदार नव्हते, पण मी ऐकला आहे आणि वरच्यानेही.

सलहाला सांगितलं. माझी बायको अशा वेळी फार बोलत नाही. एवढंच म्हणाली, "जाऊन या ट्यूनिसला. मनात राहायला नको." लगेच जवाची रोटी भाजायला घेतली.

१६ ऑक्टोबर, ट्यूनिस

जुन्या कागदांच्या सरकारी दालनात दिवस गेला. पांढरे हातमोजे घालायला देतात. माझे तेलाच्या घाण्यावरचे हात त्यांत मावेनात. तिथल्या मुनीराबाई हसू दाबत म्हणाल्या, "राहू द्या मामा. नुसतं पुसून घ्या हात."

मग म्हणाल्या, "कोणाला शोधताय?"

"होणाऱ्या जावयाच्या खापरपणजोबाला."

"अगंबाई! लोक इथे स्वतःचे शोधायला येतात."

"माझे मला ठाऊक आहेत," मी म्हटलं.

बे राजांच्या काळात डोईपट्टी लावायला गावोगावच्या पुरुषांची शिरगणती केली होती. फक्त पुरुष. बायकांवर कर नव्हता, म्हणून बायका नाहीतच. जणू गावात नुसते बाप आणि मुलगे राहत होते. अक्षर जुन्या वळणाचं. लहानपणी मशिदीच्या शाळेत शेखांनी छडी मारून तेच वळण शिकवलं होतं. त्यांना आज दुवा दिली.

१७ ऑक्टोबर, ट्यूनिस

सापडला! फरज. अनीसचे वडील मेहरेझ यांनी सांगितलं होतं ना, आमच्यात फरजच्या मागचं कोणी कोणाला ठाऊक नाही. तोच फरज. मसूदचा मुलगा. मसूद — बिन अर्रूमांनी मुक्त केलेला. आणि फरजपुढे स्पष्ट लिहिलं आहे — बाप मुक्त झाल्यावर जन्मला.

मी मोठ्याने "अल्लाहू अकबर" म्हणालो. मुनीराबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, पण त्याही हसत होत्या.

रिहाबला फोन केला. तिला ती ओळ वाचून दाखवली. मग म्हणाली, "बाबा, परत वाचा."

वाचलं. परत वाचलं.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

काकांनी नक्कल वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मी फातिहासाठी हात उचलायच्या तयारीत!

"आणि आई?"

"कोणाची?"

"या फरजची. मूल आईच्या बाजूने जातं, जिलानी. आई बांधलेली असली तर बाप दहा वेळा मोकळा झाला तरी पोर बांधलेलंच. धर्मशास्त्र आहे. तू तर अजान देतोस."

खरं आहे ते. शास्त्र तसंच आहे. मला सुचलं नाही. पण शब्द देताना तर एवढं बोलले नव्हते!

घरी आल्यावर सलहा म्हणाली, तुम्ही ट्यूनिसला होता तेव्हा काका येऊन गेले. मी विचारलं, काय म्हणाले? "काही नाही. नजियाची खुशाली सांगितली." नजिया त्यांच्याच घरात दिली आहे, त्यांच्या धाकट्या मुलाला, हातेमला.

२५ ऑक्टोबर, बुधवार

कसं लिहू. आधी जे पाहिलं ते लिहितो, जसंच्या तसं.

आमच्या नगरपालिकेत फ्रेंचांच्या वेळेपासूनची दफनांची नोंद आहे. कोण मेलं, कुठे पुरलं, खबर कोणी दिली. तिथला लतीफ माझ्याबरोबर शिकलेला. त्याने मागच्या खोलीत बसवलं आणि म्हणाला, "बघ बाबा, धूळ तुझी, खोकला तुझा."

फरजच्या आईचं नाव मला ठाऊक नव्हतं. म्हणून फरजच्या घरातली मयतं पाहत गेलो. पाचव्या-सहाव्या पानावर ती सापडली. मबरूका. अतीग. वय नव्वदीच्या आसपास. मोकळी झालेल्यांच्या कबरस्तानात पुरली. मुलगा फरज याच्या घरी मृत्यू.

आणि खबर देणारा — मृत बाईचा मुलगा सालेम बिन यूसुफ बिन अर्रूम.

मी म्हटलं, दुसरा सालेम असेल. लतीफ म्हणाला, "यूसुफचा सालेम एकच. तुझा." मी म्हटलं, लिहिणाऱ्याची चूक. मग खालची सही पाहिली. आमच्या घरी सालेमचं कुराण आहे, त्याच्या शेवटच्या पानावर हीच सही आहे. 'म' ची शेपटी तशीच लांब, खाली ओढलेली. मी लहानपणी ती बोटाने गिरवायचो.

लतीफने पाणी दिलं. मित्र आहे.

सालेमची आई मबरूका.

मग झैनब कोण?

२६ ऑक्टोबर

संध्याकाळची अजान मध्येच अडखळली. लोकांना वाटलं घसा बसला.

२८ ऑक्टोबर, शनिवार

मेहरेझना म्हटलं, मला तुमच्या मबरूकाची कबर बघायची आहे. म्हातारा काठी घेऊन उठला. मग म्हणाला, "चला. तुम्हाला ती ठाऊकच आहे."

मला वाटलं म्हातारपणामुळे बरळतात.

वेशीबाहेरचं ते कबरस्तान. आमचं वेगळं, त्यांचं वेगळं. मेल्यावरही. कबरींवर नावं नाहीत, नुसते उभे दगड — पुरुषाला दोन, बाईला तीन. मेहरेझ तीन दगडांच्या एका कबरीपाशी थांबले.

ही तर दाईची कबर!

दर आशूऱ्याला, मोहरमच्या दहाव्या दिवशी, आमच्या घरच्या बायका इथे येतात. कबरीवर पाणी शिंपडतात, हिरवी डहाळी ठेवतात. मला आजी बोटाला धरून आणायची. ही कोण, म्हटलं की म्हणायची, "आपल्या सालेमबाबांना हिने पाजलं. दाई होती. पाणी घाल." मी घालायचो. पुढे माझ्या मुलींनाही आणलं.

"ही आमची म्हातारी," मेहरेझ म्हणाले. "यूसुफने हिला बाजारातून आणली. सालेम त्याचाच. यूसुफ गेल्यावर ही मोकळी झाली, मग आमच्या मसूदशी लग्न केलं. फरज झाला."

म्हणजे फरजही जन्माने मोकळा, आईकडूनही. मी हेच शोधत होतो. आता ते हातात आलं आणि मला त्याचं काय करावं कळेना.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग फरजच्या मागचं कोणाला ठाऊक नाही, असं का सांगितलंत मला?"

म्हाताऱ्याने खांदे उडवले. "तुमच्या बायका डहाळी ठेवायला येतात. आम्ही म्हणतो, येऊ देत. नातवंडंच आहेत तिची. भांडून काय, कबर वाटून घ्यायची?"

मी खाली बसलो. पाणी नेलं नव्हतं.

३० ऑक्टोबर, सोमवार

ठाऊक होतं!

काकांना ठाऊक होतं. पहिल्यापासून! त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं, आणि माझ्या वडिलांनाही. दोन भावांना एकत्र बसवून.

मी ओरडलो नाही. दफनाच्या नोंदीची नक्कल पुढे ठेवली. त्यांनी हातही लावला नाही.

"झैनब होती, खोटी नाही. यूसुफची लग्नाची बायको. पोटी काही झालं नाही. मग सालेमला तिच्या नावावर लावलं. त्यात कोणाचं काय गेलं?"

"तिचं गेलं, काका. जिने जन्म दिला तिचं."

"पाणी घालतोच की दरवर्षी!"

"दाई म्हणून!"

"हळू बोल. आत सुना आहेत." मग समजावणीच्या सुरात, "हे बघ, धन्यापासून झालेलं मूल मोकळंच असतं. बाप बिन अर्रूम, एवढं पुरे. आईला कोण विचारतं?"

दहा दिवसांमागे हेच काका मला विचारत होते — आणि आई? फरजची पाळी आली की मूल आईच्या बाजूने जातं. सालेमची पाळी आली की बापाच्या. बाई एकच. मुलगे दोघं तिचेच.

मला काकांचं एवढं लागलं नाही. काका तसेच आहेत. वडिलांचं लागलं. शेवटचे दोन महिने अनीस रोज यायचा. त्यांना उचलायचा, पुसायचा, पाठीवरच्या जखमांना मलम लावायचा. वडील म्हणायचे, "बाळ, पाणी जरा कोमट कर रे." ठाऊक असताना! एकाच बाईच्या पोटच्या दोन फांद्या, आणि एक दुसरीला न्हाऊ घालते आहे. तेव्हा तरी सांगायचं. त्याला नाही तर मला. मी रोज उशाशी बसत होतो, कुराणातला यासीन अध्याय वाचत होतो.

नजियाच्या मेंदीला तो खणखणीत आवाज!

घरी आलो, सालेमचं कुराण उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्यानेच तर स्वतः जाऊन नोंद केली होती — मुलगा. ज्याला लपवायला कारण होतं त्याने लपवलं नाही. मागच्यांनी लपवलं.

१ नोव्हेंबर

काकांना निरोप पाठवला. अट पूर्ण झाली आहे. तुम्ही येणार नसाल तर येत्या शुक्रवारनंतरच्या शुक्रवारी मी स्वतः फातिहा वाचतो. मेंदीला नावंही मीच घेईन आणि शेवटचं नाव मबरूकाचं घेईन.

रिहाबने माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. किती दिवसांनी हसली. अनीस आला, दारातच उभा राहिला. म्हणाला, "म्हणजे मी तुम्हाला काका म्हणू की मामा?" रिहाब म्हणाली, "आधी आत तर ये!"

सलहा आतूनच म्हणाली, बसा, चहा करते. रिहाब बाहेर घेऊन आली.

४ नोव्हेंबर, शनिवार

नजिया आली. हातात पिशवी, कडेवर बाळ. चार दिवस राहायला, म्हणाली. मग रडायला लागली.

हातेमने सांगितलं आहे — तिकडे ती फातिहा वाचली गेली तर इकडे परत यायचं नाही. बाळ मात्र त्यांचं.

मी म्हटलं, हातेम असा नाही, काका वदवताहेत त्याच्याकडून. नजिया म्हणाली, "बाबा, तो असाच आहे. तुम्ही कधी पाहिलं नाही."

५ नोव्हेंबर

सलहाला म्हटलं, धीर धर. महिनाभराने काका थंड होतील. तलाक देणं एवढं सोपं नाही, कोर्ट आहे.

ती ऑलिव्ह निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला कागदातली माणसं दिसतात. घरातली?"

दोन मुली आहेत. एकीचं घर मोडून दुसरीचं बांधायचं? पण पहिलीचं घर मी मोडत नाही आहे, काका मोडताहेत! हे शंभरदा मनात घोकलं. नमाजेत दोनदा रकातींची मोजणी चुकली.

तरी मागे येणार नाही. एकदा मागे आलो तर मी पण त्या दोन भावांतला तिसरा.

८ नोव्हेंबर, बुधवार

सगळं संपलं.

दुपारी सलहा म्हणाली, शेख तिजानींना बोलवा. मला सांगायचं आहे ते त्यांच्यासमोर सांगते. मला वाटलं, नजियासाठी काकांकडे मध्यस्थी करायला सांगत असेल. आमच्या मशिदीचे शेख, काकाही मानतात त्यांना.

शेख आले. रिहाबही होती, नजियाही. सलहा भिंतीशी बसली आणि सांगू लागली. नजिया तान्ही होती तेव्हाची गोष्ट. ऑलिव्हच्या मोसमात मेहरेझची बायको आमच्याकडे वेचायला यायची, अनीसला झोळीत घेऊन. नजियाच्याच वयाचा तो. एकदा त्याच्या आईला ताप भरला, पोर रडून निळं पडायला आलं.

"मी पाजलं त्याला," सलहा म्हणाली. "दोन-तीन दिवस."

मला आधी समजलंच नाही. शेखांनी डोळे मिटले तेव्हा समजलं.

जिने पाजलं ती आई. तिच्या पोटची सगळी त्याची भावंडं. अनीस रिहाबचा दूधभाऊ. बहीण-भावाचं लग्न होत नाही.

शेखांनी विचारलं, खात्री आहे? हो. पुन्हा विचारलं. हो. तिसऱ्यांदा म्हणाले, "बेटी, देवाला साक्ष ठेवून?" सलहा म्हणाली, "हो." आवाज हलला नाही.

अनीसची आई वारून किती वर्षं झाली. मेहरेझना विचारलं. म्हणाले, "मी तेव्हा मोसमाला स्फाक्सला असायचो. मला काय ठाऊक? ताप मात्र यायचा तिला." शेख म्हणाले, करार व्हायच्या आधी आईने स्वतः सांगितलं तर तेवढं पुरे. शंकेवर लग्न लावता येत नाही.

जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दुःख करू नको जिलानी. जावई गेला, पण मुलगा मिळाला. आता तो सलहाचा मुलगाच. तिने त्याच्यापुढे डोकंसुद्धा झाकायचं कारण नाही."

रिहाब उठून मोरीत गेली आणि भांडी घासू लागली. घासलेलीच भांडी पुन्हा.

९ नोव्हेंबर

सलहाला विचारलं, इतके दिवस का बोलली नाहीस? मागणी आली तेव्हा का नाही? मी ट्यूनिसला जाऊन आलो, कबरस्तानात जाऊन बसलो, तेव्हा?

"विसरले होते. दोन दिवसांची गोष्ट. नजिया बाळाला पाजत होती ना परवा, तेव्हा आठवलं."

रागवायचं कोणावर? एका तान्ह्याला भूक लागली, एका बाईने जवळ घेतलं. याहून चांगलं काम काय असतं! पण ती विसरली कशी? आणि रिहाब? तिला कोणी विचारायचं?

सगळेच काहीतरी ठाऊक असलेले, आणि मी एकटा कागद हुंगत फिरलेला.

११ नोव्हेंबर

हातेम स्वतः येऊन नजियाला घेऊन गेला. बाळाला खेळणं आणलं होतं. माझ्याशी मान खाली घालून बोलला. काकांनी टोपलीभर मासे पाठवले — ऑक्टोपससुद्धा, मला आवडतो म्हणून.

मी शेजारी देऊन टाकले.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

घाणा सुरू झाला. या वर्षी फळ बारीक, पण तेल चांगलं आहे. काम करताना बरं वाटतं. गोणी उचलायची, ओतायची, दगड फिरतो, मनातलं काही वेळ तरी चिरडलं जातं.

अनीस रस्त्यात भेटला. सलाम केला आणि पुढे निघाला. मी हाक मारली. म्हटलं, असा परक्यासारखा जाऊ नकोस. मबरूकाकडून नातं होतंच, आता सलहाकडूनही झालं. तू माझ्या घरचा मुलगा आहेस. मला मुलगा नाही. शुक्रवारी जेवायला ये.

म्हणाला, "रिहाब असेल ना?"

"असेल."

"मग कसं येऊ, काका?"

"भाऊ म्हणून ये. आज ना उद्या यावं लागेलच. आम्हाला सगळ्यांनाच शिकावं लागेल."

डोळे भरून आले त्याचे. येतो म्हणाला.

सलहाला सांगितलं तेव्हा ती पीठ चाळत होती. चाळणी थांबली. "एवढ्यात कशाला?" म्हणाली. मी म्हटलं, तुझाच मुलगा आहे.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

अनीस आला. मी त्याला हाताला धरून थेट आत आणलं, घरच्या माणसाला आणतात तसा. सलहा मोकळ्या केसांनी चुलीपाशी होती, कुसकुस वाफेवर. त्याचा आवाज ऐकला आणि दोन्ही हातांनी ओढणी डोक्यावर ओढली, कपाळापर्यंत. मला वाटलं, इतक्या वर्षांची सवय. हसून म्हटलं, "राहू दे गं, मुलगाच आहे. काढ ती."

तिने काढली नाही. टोक मुठीत घट्ट धरलं. मी पुन्हा म्हटलं, हळूच. सलहाने माझ्याकडे पाहिलं, पण ओढणी सुटली नाही. परक्या पुरुषासमोर केस उघडे टाकणं तिला जमेना.

रिहाब ताटं घेऊन दारात उभी होती. तिने आईच्या मुठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.